व्याधाच्या भरवशावरची मेथी

टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या सार्वजनिक बागेत माझ्या वाफ्याशेजारी एका रिटायर्ड इंजिनियर काकांचा वाफा आहे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये आम्ही बाकीचे मेथी पेरून मोकळे होतो. काका मात्र रोज पहाटे कमरेवर हात ठेवून पूर्वेला व्याधाचा तारा शोधत उभे! प्राचीन इजिप्तमध्ये म्हणे तो दिसला की नाईलला पूर यायचा आणि पूर ओसरला की पेरणी व्हायची.

“काका, त्याला ॲप आहे,” मी म्हटलं.

“ॲपला पहाटे उठावं लागत नाही. मग मजा काय?”

परवा तारा दिसला. काकांनी थाटात मेथी पेरली आणि दुपारीच दुष्काळामुळे बागेचे नळ बंद झाले.

मला काकांना चिडवायला निमित्तच मिळालं. “एवढं आकाश कळणारं इजिप्तही शेवटी लयाला गेलंच ना?”

“तारा वेळेवर यायचा गं. पुढे पुढे पूरच येईनासा झाला. मग राजाला कोण विचारतो?”

आज पहाटे काका घामाघूम होऊन आले. दोन्ही हातांत दुधाचे जुने कॅन, त्यांत घरचं तांदूळ धुतलेलं पाणी.

आपल्या वाफ्याला अर्धंच घालून ते माझ्याकडे वळले.

“पूर आलाय. तुझ्या मेथीला हवाय का?”