उन्हाची खाट

कोकिळाबाई बोलताना सुई ओठांत धरायची. चहा बशीत ओतायची, मग गप्पांत रमायची, आणि तो थंड झाला की शिवणयंत्राला दोष द्यायची. कोणाच्याही दारात शिरण्याआधी बांगड्या वाजवायची. ब्लाउज शिवून उरलेलं मऊ सुती कापड बाजूला काढायची. नायलॉन दिसलं की नाक मुरडायची. वयात आलेल्या पोरीचं माप घेताना तिच्या आईला म्हणायची, "मायबाई, पानी आनता का वो जरा?"

आई पाणी आणायला गेली की पोरीला विचारायचं ते विचारून घ्यायची.

नाचणगावात तिचं घर आणि शिवणकाम एकाच खोलीत होतं. नवरा लहानू पुलगावच्या गिरणीत पाळीवर जायचा. मूलबाळ नव्हतं. सासू आनंदाबाईंची नजर अधू होती, जीभ मात्र तिखट.

१९७८ साली नलू नववीत होती. ती परकराचं माप द्यायला आली तेव्हा आई पाण्याला गेली आणि कोकिळाबाईनं सुई ओठांतून काढली.

"अशी काऊन चालून राह्यली, पोट्टे?"

नलू रडायलाच लागली. दर महिन्याला ती गोठ्याच्या कडेला बाहेरची बसायची. कपडा अंधारात धुवायची आणि कुटाराच्या, गुरांच्या भुशाच्या, पोत्यांमागं वाळत टाकायची. तो वाळायचाच नाही. ओलाच पुन्हा घ्यावा लागायचा. उजेडात टाकायची सोय नव्हती, कारण त्यावर नागाची नजर पडली तर कूस उजवत नाही, असं आईनं बजावलं होतं. आता मांड्यांत जखमा होत्या, आग होती, ताप होता. शाळा सारखी बुडत होती. वडील वासुदेवराव म्हणाले होते, "घरीच बसाचं असन तं शाळा कायले? पोरगा पाहू."

नलूला शाळा हवी होती. बाकी कशाबद्दल तिला काही वाटत नव्हतं.

"कापड आनाले वर्ध्याले जातो, नलूले नेतो संगं," असं तिच्या आईला सांगून कोकिळाबाईनं तिला थेट सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि सांगितलं, कपडा कडक उन्हात वाळव.

येताना एस्टीत कोकिळाबाईनं औषधाची पुडी पदराला बांधली.

"औषध तं भेटलं. ऊन कुठून आनाचं?"

"ऊन तं आहेच ना, काकू."

"ऊन देवाचं आहे वो. पन अंगन तुह्या बापाचं आहे!"

मग तिनं स्वतःच्या परसात खाट टाकली. खाटेवर कपडे पसरायचे, वरून जुनं विरलेलं लुगडं. ऊन आत जायचं, नजर जायची नाही. नलूमागून तिच्या वर्गातली सुलोचना आली, मग आणखी पोरी. ओळखायला प्रत्येकीच्या कपड्याच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा.

चैत्र होता. गावभर खाटांवर कुरड्या वाळत होत्या. आनंदाबाईंना वाटलं, आपल्याही घरी यंदा भरपूर घातल्या. त्या काठी घेऊन राखणीला बसल्या.

"हट् मेल्या! माह्या सुनेच्या कुरड्या हायत!" त्या कावळ्यांवर ओरडायच्या. घरात पोरी तोंडावर हात दाबून हसायच्या.

अर्धवट वाळलेली कुरडई कोणाला आवडत नाही? एका दुपारी आनंदाबाईंनी लुगड्याखाली हात घातला.

नलू दारातच उभी होती. म्हातारीनं हात बाहेर काढला, डोळ्यांजवळ नेला. म्हातारीनं एक आरोळी ठोकली की आळी गोळा होणार. संध्याकाळपर्यंत वासुदेवरावांच्या कानावर जाणार. मग शाळा संपली.

"कोकिळे! कोनाच्या हायत ह्या कुरड्या?"

"पोरींच्या, आत्याबाई."

"त्याईच्या घरी ऊन नाई?"

"नाई."

म्हातारी उठली. हातपाय धुतले, अंगावर पाणी शिंपडलं.

"आमच्या वक्ताले कपडा कुठचा? नुसती राख होती," ती म्हणाली. मग पुन्हा येऊन बसली आणि काठी उचलली. "मले काई दिसत नाई. पन चुलीपाशी आनजो नोको, सांगून ठेवतो!"

पावसाळ्यापर्यंत नलू बरी झाली. घरी ती बाहेरचीच बसत राहिली. आईनं ते काही सोडलं नाही. पण शाळा बुडेनाशी झाली आणि वासुदेवराव पोरग्याचं नाव घेईनासे झाले. ती मॅट्रिक झाली. वर्ध्याला मराठी घेऊन बी.ए. झाली.

"कविता वाचतं म्हने? त्याच्यात आमच्यासारखीचं काई असते?" कोकिळाबाईनं एकदा विचारलं.

"नसतं, काकू."

"मंग पाठव त्या लिहिनाऱ्याईले, माप घेतो."

१९८६च्या हिवाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता कोकिळाबाई गेली. कसलं दुखणं नव्हतं. नलू निरोप मिळाल्यावर एस्टीनं आली. तिला रडू येईना. लहानूकाका म्हणाले, "शाळेमागं जाऊन पाह्य. दोन महिन्यापासून तिथंच राहे ती."

शाळेत पोरींना आडोसा नव्हता. त्या दिवसांत कपडा बदलायचा तर घरी पळावं लागायचं, आणि घरी गेलेली पोर पुष्कळदा परत यायचीच नाही. कोकिळाबाईनं हेडमास्तरांच्या मागं लागून परवानगी मिळवली होती. तुराट्यांच्या, तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, तीन भिंती उभ्या होत्या, पक्क्या बांधलेल्या. चौथ्या बाजूच्या तुराट्या सोलून खाली रचल्या होत्या.

तिथं नववीतल्या दोन पोरी भांडत होत्या. एक म्हणत होती, दार विहिरीकडं ठेवायचं; दुसरी म्हणत होती, शेताकडं.

दार कुणीकडं, ते कोकिळाबाई कोणाला सांगून गेली नव्हती.