शेवटच्या बाकावरून फळा

आमच्या परळच्या शाळेतल्या मावशींची आठवण आली की मी मनातल्या मनात हात जोडते.

सातवीच्या शेवटच्या दोन बाकांवरच्या मुली गणितात फळ्यावरचे आकडेच चुकीचे उतरवायच्या. मी त्यांच्या डायरीत शेरा मारला, "लक्ष देत नाही." पालकांना बोलावलं. एका आईने तर मुलीला माझ्यासमोरच धपाटा घातला आणि मी गप्प राहिले. डोळे तपासायला पाठवलं, तर सगळ्यांची नजर ठणठणीत! माझा पारा आणखीच चढला.

एकदा चौथ्या तासाला मी अशीच ओरडत होते. व्हरांडा पुसणाऱ्या मावशी दारात आल्या. "बाई, मी सुट्टीत त्या बाकावर डबा खाते. तिथनं फळा दिसत नाय. एकदा बसून तरी बघा."

वर्गासमोर असं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. तणतणत गेले आणि बसले.

खरंच दिसेना. समोर गिरणीच्या जागेवर झालेला काचेचा टॉवर सगळं ऊन आमच्या फळ्यावर फेकत होता. माझं अर्धं गणित नुसतं चमकत होतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी घरून जुनी चादर आणून खिडकीला बांधली. मी डायऱ्या मागवून प्रत्येक शेरा खोडला. धपाटा खाल्लेल्या मुलीने तिची डायरी नीट बघितली आणि विचारलं, "बाई, आईला पण सांगाल ना?"

मी तिच्या डायरीतला घरचा पत्ता उतरवून घेतला. खिडकीशी उभ्या मावशी म्हणाल्या, "संध्याकाळी जाऊया. मी येते तुमच्यासोबत."