आंब्याला आलेली अम्मा

नजरबादच्या आमच्या घरापुढे एकच आंबा आहे, आणि नवऱ्याला नेमकी तिथेच गाडी उभी करायची होती. झाड सासऱ्यांनी लावलेलं. ते गेल्यापासून सासूबाई सकाळची कॉफी त्याच्याखाली बसूनच पितात, म्हणून गाडीचा विषय निघायचा आणि विरायचा. यंदा पानांवर फोड उठले आणि नवऱ्याचा चेहरा उजळला. मोबाइलवर फोटो काढून त्याने जागच्या जागी निदान केलं: व्हायरस, असाध्य. यंत्रांच्या इंजिनिअरला झाडातलं एवढं कळतं हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. रविवारी झाड पाडायचं ठरलं.

सासूबाईंनी पान निरखलं. "अम्मा आलीय झाडाला. आता कुऱ्हाड लावायची नाही."

आमच्या कानडी मुलखात कांजिण्यांना अम्मा म्हणतात. देवीच अंगात आलेली, म्हणून औषध नाही, दुखवायचं नाही, फक्त कडुलिंब आणि दहीभात. खोडाला कडुलिंब बांधला गेला, बुंध्याशी दहीभात. आणि आमचे इंजिनिअरसाहेब झाडाजवळून जाताना चप्पल काढू लागले.

मला हसू येत होतं आणि संतापही. मी ब्लेडने एक फोड चिरला. आत तिळाहून लहान पिवळी अळी. चिलटाएवढी माशी कोवळ्या पानात अंडी घालते आणि पान अळीभोवती गाठ धरतं, एवढंच. झाड काही मरत नाही. फवारा गाठीच्या आत पोचत नाही. गाठींची पानं खुडून जाळायची, खालचा पाचोळा झाडून काढायचा. पण अम्माच्या झाडाला हात लावणार कोण?

नवरा ऑफिसला गेल्यावर पान सासूबाईंपुढे धरलं. "अत्ते, ही बघा तुमची अम्मा."

"किडा आहे, गोत्तु, ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "किडा म्हटलं की तो कुऱ्हाड आणतो. अम्मा म्हटलं की चप्पल काढतो. तू सुम्ने बस, गप्प."

"पण पानं खुडायला हवीत."

त्यांनी कॉफी संपवली. "अम्मा उतरली की अंगावरचे कपडे जाळतात, अल्वा?"

शुक्रवारी अम्मा उतरली. नवरा अनवाणी शिडीवर चढून तिचे कपडे, म्हणजे गाठींची पानं, भक्तिभावाने खुडत होता. खाली मी पाचोळा गोळा करून पेटवत होते. इतकी चोख फवारणीशिवायची कीडबंदी कुठल्या तज्ज्ञालाही त्याच्याकडून करून घेता आली नसती.

नवी पालवी फुटली, तांबूस आणि नितळ. नवऱ्याने ती हात जोडूनच पाहिली.

"आई, परत येईल का गं ती?"

"तुझी गाडी आत आली तर येईल," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची सावलीत सरकवली.