लॅक्लन समुद्राला मिळत नाही

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळण्याइतकं आयुष्य उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात द हेगला एका व्याख्यानानंतर पुण्याचा एक तरुण इंजिनिअर भेटला. "काका, लॅक्लन नदीवरचा तुमचा रिपोर्ट आम्ही अजून वापरतो." आनंद व्हायला हवा होता, पण संताप आला. त्या रिपोर्टात मी एका माणसाला खोटं ठरवलंय. इतक्या वर्षांत एकालाही शंका येऊ नये?

लॅक्लन ऑस्ट्रेलियातली. पूर्वेच्या डोंगरांत उगम पावते, पश्चिमेच्या मैदानात उतरते आणि पुढे जाईल तशी रोडावते. तिथे ओहोळ तिला येऊन मिळत नाहीत, तिच्यातून फुटून निघतात. शेवटी ती लव्हाळ्याच्या अफाट दलदलीत पसरून संपते. मोठा पूर आला तरच पुढच्या नदीला पोचते.

तिच्या पाण्याचा हिशेब मांडायला मला तिथे पाठवलं होतं. मी नेदरलँड्समध्ये शिकलेला. इथे शेतातल्या चराचं पाणीसुद्धा पंपाने कालव्यात आणि तिथून समुद्रात जातं. एका टोकाला शिरलेलं पाणी दुसऱ्या टोकाला निघालंच पाहिजे, हे हाडात भिनलेलं. नदीच्या खालच्या अंगाला, पातळी मोजायच्या पट्टीवर पाणी कमी दिसलं, तेव्हा मी पट्टी वाचणाऱ्या म्हाताऱ्यावर संशय घेतला. तो रोज सकाळी नदीवर जाऊन पातळी लिहून ठेवायचा.

"दोस्ता, तुमच्याकडे पाणी हाकलून देतात म्हणे," तो म्हणाला होता. "इथे ते मुक्कामाला येतं. चल, दाखवतो."

"मला नकाशा पुरे आहे," मी म्हणालो.

रिपोर्टात लिहिलं: नोंदी घरी बसून केलेल्या दिसतात. त्याचं काम गेलं.

पुढे विमानातून काढलेले फोटो माझ्या टेबलावर आले. फुटलेले ओहोळ, तुडुंब दलदल. हरवलेलं सगळं पाणी तिथे होतं. साहेब म्हणाले, "प्रकल्प संपलाय, राहू दे आता." एका माणसाचं नाव खराब झालंय, आणि म्हणे राहू दे. पण चिडायला मला तोंड कुठे होतं? मीही राहूच दिलं.

एकदाच अ‍ॅमस्टेलव्हीनच्या घरून फोन केला. यंदा पाणी कसं आहे, विचारलं.

"लव्हाळ्यात बगळे उतरलेत," तो म्हणाला. "मी अजून मोजतो, सवयीने. घ्यायला कुणी येत नाही." मी काही बोलेन म्हणून थांबला असावा.

तब्येतीला जपा, एवढं म्हणून मी फोन ठेवला. त्याच वर्षी तो गेला. बोलायचं ते फोन करण्याआधीच समोर कागदावर लिहून घेतलं होतं: तुमच्या नोंदी बरोबर होत्या, चूक माझी होती, मला माफ करा.