नववीचा रकाना

नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या शिक्षण खात्याला लातुरात दोन भाड्याच्या खोल्या मिळाल्या. कपाटं आली, खुर्च्या आल्या, पण छापील फॉर्म मात्र जुन्या जिल्ह्याच्या नावाचे. ते नाव खोडून वर आपल्या जिल्ह्याचं नाव लिहायचं, हे माझं पहिलं सरकारी काम. मी नांदेडहून बी.ए. होऊन आलो होतो. घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं हे काम मला कमीपणाचं वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. हेडक्लार्क म्हणायचे, "खोडा, ग्रॅज्युएट, खोडा. कॉलेजात खाडाखोड शिकवली न्हाई का?"

दुष्काळ होता. ज्या दिवशी गल्लीत टँकर यायचा त्या दिवशी निम्मा स्टाफ भांडी लावायला घरी पळायचा. साहेब काही म्हणायचे नाहीत, कारण कचेरीचा शिपाई त्यांच्याच घरी पाणी भरत असायचा.

दहावीचा निकाल लागला आणि साहेबांनी, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांनी, सगळ्या हेडमास्तरांची आढावा बैठक लावली. नव्या जिल्ह्याची पहिलीच. शाळावार शेकडा निकाल काढून वरपासून खालपर्यंत तक्ता करायचा आणि हेडमास्तरांना त्याच क्रमानं बसवायचं. सगळ्यात वरचा पहिल्या खुर्चीवर. तळाला येईल त्या शाळेचा दहावीचा वर्ग काढून घ्यायचा, हेही साहेबांनी ठरवून टाकलं होतं. नव्या जिल्ह्याचा धाक बसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

तक्ता माझ्या गळ्यात आला. पास किती, ते शाळांनी कळवलं होतं. परीक्षेला बसले किती, त्या याद्या मात्र जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत पडून होत्या. मी डोकं चालवलं. मागच्या वर्षीच्या पटपडताळणीचं रजिस्टर कपाटात होतं, त्यात नववीचा पट होता. मागं नववीत होती ती पोरं यंदा दहावीला बसली असणार, एवढा साधा हिशोब. मी शिकलो त्या शाळेत तसंच होतं. नववीतले सगळे दहावीला बसलो, काही पास झालो, काही नापास. म्हणून मी नववीच्या पटावर शेकडा काढला, सुवाच्य अक्षरात तक्ता लिहिला आणि साहेबांपुढं ठेवला.

साहेबांचं बोट वरून खाली आलं आणि तळाशी थांबलं. तिथं एका तालुक्याच्या गावची नावाजलेली शाळा होती. जवळजवळ सगळी पोरं पास होणारी, दरवर्षी कचेरीत पेढे आणणारी. आणि औसा तालुक्यातल्या एका खेड्याची शाळा, जिथं निम्मीही पोरं पास झाली नव्हती, ती तिच्या बरीच वर होती.

"इथली पोरं गेली कुठं मग?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

हेडक्लार्कनी चष्मा काढला. "अहो, कच्ची पोरं नववीतच गाळायची. त्यातनं वर आली, तर फॉर्म भरताना मागं ठेवायची. निवडक बसवायची. मग निकाल कसा येणार? चकचकीत."

"आणि गाळलेली?"

"ती काय तक्त्यात येत्यात व्हय?"

"साहेब, माझा हिशोब बरोबर आहे," मी म्हणालो.

"हिशोब बरोबर असेल, तक्ता चूक आहे. याद्या घेऊन या. बसलेल्यांवर काढा, सगळीकडं तसंच काढतात."

एस.टी.नं जाऊन याद्या आणल्या. नवा तक्ता केला, पण नववीचा रकाना शेवटी ठेवला. साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलीनं उभी रेघ मारली. पेढेवाली नावाजलेली शाळा पहिली आली, खेड्यातली तळाला गेली.

बैठक एका शाळेच्या हॉलमध्ये होती. त्या खेड्यातले हेडमास्तर आले आणि कुणाला न विचारता शेवटच्या खुर्चीवर बसले.

"खालून सुरुवात करू," साहेब म्हणाले. "उठा सर. असा का निकाल?"

"साहेब, पोरं रोजगार हमीवर खडी फोडायला जायलीत. पोरी टँकरमागं."

"दुष्काळ सगळ्या जिल्ह्यात आहे."

"हाय की. पण मी समद्यांला बसवलं. एकबी मागं ठेवलं न्हाई."

पहिल्या खुर्चीवरचे हेडमास्तर मागं वळले. "नुसतं बसवायचं नसतं हो सर, तयार करायचं असतं." हॉल हसला.

"वर्ग काढला तर पोरं जातील औशाला, सायकलीवर," खेड्यातले हेडमास्तर साहेबांकडं बघतच म्हणाले. "पोरींला कोण धाडतंय? त्यांचं तिथंच संपलं."

मी भिंतीपाशी फाइल घेऊन उभा होतो. म्हणालो, "साहेब, नववीच्या पटावर काढलं तर ही शाळा तळाला नाही."

"हे कोण?" पहिल्या खुर्चीनं विचारलं.

"आमचे नवे बी.ए.," साहेब म्हणाले.

मागून कुणीतरी, "मग तळाला कोण हाय, ते तरी सांगा की!" म्हणालं. मी पहिल्या खुर्चीकडं बघितलं, तेवढं पुरलं. साहेबांनी घाईघाईनं पुढ्यातला तक्ता मिटला आणि खेड्यातल्या हेडमास्तरांना म्हणाले, "एक वर्षाची मुदत. पुढचा निकाल निम्म्याच्या वर न्या, नाहीतर वर्ग बंद."

मला वाटलं, जिंकलो. चहाला खेड्यातले हेडमास्तर माझ्याकडं आले तेव्हा आभार मानतील म्हणून मी उगाच ताठ उभा राहिलो.

"एका वर्षात निम्म्याच्या वर," ते म्हणाले. "पाऊस तर तुमच्या हातात न्हाई, माझ्याबी न्हाई. यंदा दहावीत एकतीस हायत. तुम्ही रजिस्टर बघितलंय, सांगा. फॉर्म भरताना कुणाला मागं ठेवू?"

"मी काय सांगणार, सर."

"न्हाई, तुम्ही शिकलेले हाव म्हणून विचारलं." कप खाली ठेवून ते निघून गेले.

पुढच्या वर्षी ती शाळा निम्म्याच्या वर गेली. तिचे हेडमास्तर मधल्या रांगेत बसले. साहेबांनी नाव घेऊन कौतुक केलं, टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. वर्ग टिकला.

कचेरीत परत आल्यावर मी कपाटातून आदल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. ते कुणी मागितलं नव्हतं. नववीचा पट एकतीस, बसलेले अठरा. रजिस्टरात मुलींचा आकडा वेगळा असायचा: नऊ. यादीत नावं वाचून पोरी मोजल्या. तीन. ज्यांची हजेरी पाण्यापायी सगळ्यात कमी, त्यांचेच फॉर्म भरायचे राहिले होते.

आढाव्याचं टिपण मीच लिहायचो. 'समाधानकारक सुधारणा' असं लिहिलं आणि साहेबांची सही घेतली. त्या सहा पोरींचं मी हेडमास्तरांना कधी विचारलं नाही. पुढं ते कचेरीत येत, हेडक्लार्कशी बोलत, आणि माझ्या टेबलाच्या पलीकडून जात.