कोळशाच्या डब्यात उतरलेलं पेट्रोल

पोलादपूरहून बाबा माझ्या महाडच्या गॅरेजात गाडी घेऊन आले ते रागातच. आई मागून एसटीने आली.

"ही गाडीत बसत नाय. म्हणते, पेट्रोलचा वास येतो. वासबीस काय नाय, माझ्या ड्रायव्हिंगची भीती वाटते हिला."

जन्मभर एसटी चालवलेला माणूस. त्यांना ते लागलं होतं.

मी मागचं दार उघडलं आणि वास भसकन नाकात शिरला. बाबा शेजारीच उभे, पण चेहऱ्यावर काहीच नाही. मी कामाला लागलो.

टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या डब्यात साठते. इंजिन चालू असताना एक व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती ओढून घेतं. व्हॉल्व्ह काढून फुंकर मारली, पलीकडे गेली नाही, म्हणजे नीट बंद होत होता. बॅटरी जोडली, टक्कन उघडला. तो ठीक होता. मग गाडीखाली शिरून डबा काढला. हाताला जड लागला. तिरका केला तर नळीतून पेट्रोल ठिबकलं.

"बाबा, टाकी कशी भरता?"

"काठोकाठ. पंपावरचा थांबला तरी म्हणतो, ओत आजून."

तेच जादा पेट्रोल वाफेच्या वाटेने डब्यात उतरलं होतं. कोळसा पार भिजला होता.

बाबांनी डबा नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग बाकड्यावर बसले.

"कोरोना झाला तवापासून मला कसलाच वास येत नाय. बोललो असतो तर जळल्याचा वासपण कळत नाय म्हणून तुमी गाडी बंद करायला लावली असती."

आई बघतच राहिली. "मग परवा सुकटीचं कालवण झकास झालंय म्हणालात, ते?"

"तू केलं होतंस ना."

आईने त्यांच्या हातातला डबा माझ्याकडे दिला आणि पदराने त्यांची बोटं पुसली.

गाडीचा एकेक भाग मी फुंकून, हलवून, कान लावून तपासतो. बापाचं मात्र इतक्या वर्षांत मला काही कळलं नव्हतं. जेवताना त्यांनी कधी तक्रार केली नाही, एवढंच काय ते मी पाहिलं होतं.

नवा डबा बसवला, टाकी काठोकाठ भरायची नाही असं बजावलं. जाताना आई पुढच्या सीटवर बसली.

परवा फोनवर सांगत होती, "सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो रे. वाटेत कुठे पेंढा भिजलाय, कुणाकडे बोंबील भाजतात, समदं मीच सांगते त्यांना."

मागून बाबांचा आवाज आला, "वळणावरपण गप बसत नाय!"