पुठ्ठ्याचा फर्मा आणि पुढचे दोन शॉकअप

नागपूरच्या मनीषनगरात माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. दोन शिलाई मशिनी, कटिंगचं एक लांब टेबल आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले दीड-दोनशे पुठ्ठ्याचे फर्मे. गिऱ्हाईक फोनवर गाडीचं नाव सांगतं आणि विचारतं, कव्हर तयार आहे का. माझं उत्तर ठरलेलं आहे: गाडी आणा. कंपनी गाडीचं नाव तेच ठेवते आणि दोन वर्षांत सीटचा आकार बदलते. दुकान काढलं त्या वर्षी मी नावावर भरवसा ठेवून एक अख्खा सेट कापला होता. पाठीला ढगळ, बुडाला तंग. तो मी उसवून पुन्हा शिवला, गिऱ्हाइकासमोर. तेव्हापासून सीटवर कागद दाबून, कडांवरून खडू घासून, ठसा उमटला की त्याचा पुठ्ठा कापते. कात्री त्यानंतर.

ही सवय मला जपानमध्ये उपयोगी पडली, म्हणून आधी सांगितली.

जपानला मी गेले ती आमच्या विहाराच्या मंडळासोबत. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतली होती, आणि जपानचे बुद्धविहार पाहायचे असं आमच्या महिला मंडळात कितीतरी वर्षं बोललं जात होतं. शेवटी तीस जणी-जणांचा गट जमला. बारा दिवसांच्या कार्यक्रमात एकच दुपार मोकळी ठेवली होती, खरेदीसाठी. ती दुपार माझ्या मुलीने निघायच्या दोन महिने आधीच बुक करून टाकली.

मुलगी इंजिनिअर आहे आणि गाडी पळवते. मातीच्या मैदानावर खांबांमधून वळणं घेत, घड्याळ लावून, एकेकट्याने गाडी पळवायची, त्या स्पर्धेला ऑटोक्रॉस म्हणतात. गाडी आमचीच, तेरा वर्षांची छोटी हॅचबॅक. मुलगी गाडी चालवायला शिकली नरखेड तालुक्यात, माझ्या भावाच्या संत्र्याच्या बगिच्यात. दोन ओळींमधून ट्रॅक्टर जातो तेवढ्याच वाटेत ती गाडी सुसाट न्यायची आणि एका झाडाची फांदी मोडायची नाही. भाऊ म्हणायचा, "हिले लायसन देऊ नका, हिले बगीचा देऊन टाका."

मागच्या वर्षीच्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीत पुढचा एक शॉकअप फुटला. सगळं तेल बाहेर. गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागली आणि तिला थांबावं लागलं. माझ्या मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "लेडीज आहे, थकली असंल." मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहायला लागला. मुलीच्या कानावर मात्र हे गेलंच, आणि महिनाभर ती जेवतानाही फोनवर शॉकअप शोधत होती.

यंदाची स्पर्धा आम्ही जपानहून परतल्यावर आठव्या दिवशी होती. त्यानंतर मुलगी नोकरीसाठी चेन्नईला जाणार होती. म्हणजे यंदा नाही तर नाही. आमच्या जुन्या गाडीला शर्यतीचे शॉकअप इथे मिळत नाहीत, आणि बाहेरून नवे मागवणं परवडण्यासारखं नव्हतं. जपानमध्ये असे वापरलेले भाग विकणारी मोठी दुकानं आहेत, हे तिने शोधलं. आमच्या हॉटेलपासून ट्रेनने तासाभरावर असलेल्या एका दुकानाच्या वेबसाइटवर तिला पिवळ्या स्प्रिंगांची जोडी सापडली. गाडीचं नाव आमचंच.

"आई, तू फक्त जायचं, फोटो दाखवायचा आणि घेऊन यायचं. बस."

"आणते," मी म्हटलं. "पण आधी गाडी जॅकवर घे."

आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने पुढचा शॉकअप काढून समोर ठेवला. मी खाली बसून वरच्या चकतीवर कागद दाबला आणि तिच्या तिन्ही बोल्टांचा ठसा घेतला. मग खालच्या पट्टीवरच्या दोन भोकांचा. पट्टीच्या फटीत किती जाड लोखंड बसतं त्याचा एक तुकडा कापला. एकूण उंचीची एक पट्टी कापली. मेकॅनिक चहा घेत पाहत होता.

"भाभी, शॉकअपले अस्तर लावून राहिल्या का?"

"हो. आणि काजं-बटनं पण," मी म्हटलं. मुलगी लाजून रस्त्याकडे पाहत उभी.

चारही पुठ्ठे मी बॅगेत तळाला, विहारात नेसायच्या पांढऱ्या साड्यांच्या खाली सपाट ठेवले.

मोकळ्या दुपारी बाकी मंडळी चॉकलेटं आणि सुऱ्या घ्यायला गेली. माझ्यासोबत आली माझी धाकटी नणंद. ती धरमपेठच्या एका शाळेत शिकवते आणि तिला कोणाला एकटं जाऊ द्यायची सवय नाही. ट्रेनमध्ये कोणीच बोलत नव्हतं, त्यामुळे तीही कुजबुजत होती.

"वहिनी, लोक जपानहून मोत्याचे दागिने आणून राहिले. तू भंगार आणाले चालली का वं?"

"भंगार नाही. वापरलेलं."

"माझी साडी पण वापरलेली आहे. तिले कोणी एवढ्या दूरून घ्याले येते का?"

दुकान हमरस्त्याच्या कडेला होतं, आपल्याकडच्या किराणा मॉलएवढं. आत रबराचा वास, चाकांच्या रिमांच्या भिंतीच्या भिंती, आणि शेल्फांवर ओळीने एक्झॉस्ट, स्टिअरिंग, सीटं, शॉकअप. प्रत्येक वस्तू धुऊनपुसून पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली, वर चिठ्ठी: कोणत्या गाडीची, दर्जा काय, किंमत काय. सीटांच्या ओळीपाशी मी दहा मिनिटं थांबले, हे कबूल करते. शिवण पाहत होते. चांगली होती, पण कोपऱ्यात आमची जास्त चांगली असते.

पिवळी जोडी जागेवर होती. चकाचक, काल रंगवल्यासारखी. फोनवरच्या भाषांतराने एवढं कळलं की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी काउंटरवरच्या तरुणीला खूण केली की प्लास्टिक काढा, मला माप लावायचं आहे. तिने दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. म्हणजे नाही. मी पिशवीतून पुठ्ठे काढून काउंटरवर ओळीने मांडले. तिने ते पाहिले, आत गेली आणि एका पिकल्या केसांच्या माणसाला घेऊन आली.

त्याने वरच्या चकतीचा फर्मा उचलला. उलटा केला, भोकांत बोट घातलं, कडेवर मी खडूने लिहिलेलं 'डावा, पुढची बाजू' पाहिलं. वाचता त्याला येणं शक्य नव्हतं, पण बाण समजला. खिशातून कटर काढून त्याने स्वतः प्लास्टिक कापलं.

फर्मा लावला. दोन बोल्ट भोकांतून वर आले. तिसरा बोटभर बाजूला.

फिरवून लावला. तेच. दुसऱ्या नगावर लावला. तेच.

घरी सकाळ होती. मुलीला व्हिडिओवर फोन केला.

"आई, काहून थांबली? घे ना!"

"बसत नाही."

"बसते! सगळ्या साइटवर लिहिलं आहे. नाव सेम, मॉडेल सेम."

"नाव सेम आहे. भोक सेम नाही."

"तुझा पुठ्ठा वाकला असंल बॅगेत."

"माझा पुठ्ठा वाकत नाही."

"आई, प्लीज. तुले गाड्यांचं काय समजते? ते सीट कव्हर नाही!" आणि तिने फोन ठेवला.

नणंद शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिने माझ्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली.

मला राग आला होता, पण राग घेऊन उभं राहायला वेळ नव्हता. साडेचारची परतीची ट्रेन होती. मी पिवळ्या जोडीकडे पाठ फिरवली आणि त्या माणसाला शॉकअपांचं अख्खं शेल्फ दाखवलं. चिठ्ठ्यांवर हात ठेवून त्या झाकल्या आणि फर्मा पुढे धरला. नाव नको, आकार पाहा. दुकानात गिऱ्हाइकाला मी जे रोज सांगते तेच मला इथे हाताने सांगायचं होतं. त्याला ते एका झटक्यात समजलं. तो हसला नाही, मानेने हो म्हणाला.

मग आम्ही शेल्फ धरून निघालो. तो प्लास्टिक कापायचा, मी फर्मा लावायची, नणंद मागून मोकळे झालेले नग जागेवर सरळ करत यायची. वरचं जमलं तर खालचं जमायचं नाही. एकीकडे वरचं-खालचं दोन्ही जमलं, तर उंची चार बोटं जास्त. तो प्रत्येक वेळी मला "नाही" म्हणायची संधी द्यायचा आणि मगच नवं प्लास्टिक गुंडाळायचा. अकरा जोड्या झाल्या.

बारावी अगदी खालच्या खणात होती, कोपऱ्यात. काळपट, स्टिकर अर्धे उडालेले, चिठ्ठीवरची किंमत लाल पेनाने तीनदा खोडलेली. चिठ्ठीवर गाडीचं चित्र होतं: डब्यासारखी चौकोनी, म्हाताऱ्या माणसांची वाटावी अशी. अशा गाडीला शर्यतीचे शॉकअप कोणी लावले असतील कोण जाणे, पण लावले होते. आणि आता ती गाडी तिथे कोणाला नको होती, म्हणून हेही कोणाला नको होते.

फर्मा लावला. तीन भोकं, तीन बोल्ट. खालची पट्टी लावली. दोन्ही भोकं आरपार, पलीकडची फरशी दिसली. फटीत तुकडा सरकवला, तो ना ढिला ना अडकला. उंचीची पट्टी बरोबर. दुसऱ्या नगावर सगळं पुन्हा लावलं, कारण डावा जमला म्हणून उजवा जमतोच असं नाही. मग पांढरा रुमाल काढून दोन्ही दांड्यांभोवती पुसला. धूळ लागली, तेल लागलं नाही.

"हेच," मी मराठीत म्हटलं. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, तेही बहुतेक हेच असावं.

पैसे देताना त्याने फर्म्यांकडे बोट दाखवून मशिनीची खूण केली. त्याला त्यांची झेरॉक्स हवी होती. मी दिली. त्याने चारही पुठ्ठ्यांची प्रत काढली आणि मूळ पुठ्ठे दोन्ही हातांनी मला परत केले. माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात फर्म्याची नक्कल मागणारा हा पहिला माणूस. बाकीचे न विचारताच उतरवतात.

दोन्ही शॉकअप पांढऱ्या साड्यांत गुंडाळले. एक माझ्या बॅगेत, एक नणंदेच्या. तिने त्यासाठी चॉकलेटचे चार डबे हॉटेलातच वाटून टाकले. दिल्लीला बॅग उघडायला लावली तेव्हा साडीची गुंडाळी उलगडून बघणाऱ्या अधिकाऱ्याला तिनेच शाळेतल्या आवाजात सांगितलं, "आमच्या पोरीच्या गाडीचे पाय आहेत. नीट गुंडाळून ठेवा."

नागपूर विमानतळावर मुलगी घ्यायला आली होती. पाया पडली, बॅगा उचलल्या. घरी साड्यांची गुंडाळी उलगडून तिने ते काळपट नग पाहिले, चिठ्ठीवरची चौकोनी गाडी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही कोणती गाडी आहे?"

"मले माहीत नाही," मी म्हटलं. "उद्या लावून पाहू."

मेकॅनिककडे दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्टुलावर बसले, हात न लावता. त्याने पहिला नग चाकाच्या कमानीत खालून वर धरला. मुलगी बॉनेट उघडून वरून वाकून पाहत होती. तीन बोल्ट तीन भोकांतून एकदम वर आले. मेकॅनिकने खाली दोन बोल्ट हाताने ढकलले. हातोडी घेण्यासाठी त्याने पुढे केलेला दुसरा हात तसाच राहिला. बोल्ट आत गेले होते.

"बसला," तो म्हणाला. "भाभी, अस्तर बरोबर बसलं."

मुलगी बॉनेटखालून बाहेर आली. हाताला ग्रीस लागलेलं. "आई, ते मी फोनवर बोलली..."

"दुसरी बाजू लाव आधी," मी म्हटलं. तिने लावली. तीही बसली.

स्पर्धेच्या दिवशी तिसऱ्या फेरीत गाडी त्याच वळणाला आली जिथे मागच्या वर्षी थांबली होती. धूळ उडाली, गाडी एका अंगाला झुकली, सरळ झाली आणि निघून गेली. खांब एकही पडला नाही. सगळ्या फेऱ्या मिळून तिचा दुसरा नंबर आला, महिलांत नाही, सगळ्यांत. मी ओरडले वगैरे नाही. नणंद ओरडली, माझ्या कानात.

बक्षिसानंतर अमरावतीचा एक जण आला. त्याची गाडी आमच्याचसारखी. वाकून चाकाच्या आत पाहत त्याने मुलीला विचारलं, "ताई, शॉकअप कोणत्या गाडीचे आहेत? नाव सांगा ना, मागवतो."

"नाव नका विचारू," मुलगी म्हणाली. "गाडी घेऊन आईच्या दुकानात या. ती माप घेते."

तो पुढच्या रविवारी खरंच आला. मी त्याच्या शॉकअपचा फर्मा घेतला. सीटही पाहिलं, फाटलं होतं. त्याचाही घेतला.